बेचाळीस अंशांची परवानगी

अवकाश दुर्बीण चालवतो म्हटलं की समोरच्याचा चेहरा उजळतो, आणि पुढचं ऐकलं की पडतो. मला त्याची सवय झाली आहे. डोंबिवलीला आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकदा मला गच्चीवरच्या टाकीचा सेन्सर बघायला बोलावलं होतं, कारण "तुम्ही सॅटेलाइटवाले ना, मुकुलराव!" तो मला दुरुस्त करता आला नाही. तेव्हापासून ते माझ्याकडे जरा संशयानेच बघतात. मी तारे बघतो अशीही त्यांची समजूत आहे. मी तारे बघत नाही. माजिवड्याच्या पुलाशेजारी बसून जेवढं आकाश दिसतं ते बघण्यासारखं नसतंच. आमच्या ऑफिसात सगळे आकडे बघतात.

दुर्बिणीचं नाव अनुराधा. ती साडेसहाशे किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरते आणि वातावरण खाली पोचू देत नाही तो अतिनील प्रकाश टिपते. तिला प्रत्यक्ष आज्ञा धाडणारी मंडळी बंगळुरूत बसतात. पण पुढच्या आठवड्यात तिने कुठे बघायचं, किती वेळ, कुठल्या फिल्टरमधून, हे ठरतं ठाण्यात, फरशांच्या एका शोरूमच्या वरच्या मजल्यावर. तिचा कॅमेरा बनवणारी प्रयोगशाळा इथे होती, ती गेली, आम्ही उरलो. आम्हाला हलवायचा उत्साह कुणाच्यात नव्हता. मी या ऑफिसचा प्रमुख आहे, म्हणजे एसीच्या तक्रारी माझ्याकडे येतात.

अनुराधाची पथ्यं पुष्कळ आहेत. सूर्यापासून पंचेचाळीस अंशांच्या आत तिने तोंड वळवायचं नाही. ऊन नळीत शिरलं तर डिटेक्टर कायमचा जाऊ शकतो. फार झगझगीत तारा समोर आला तर डिटेक्टर स्वतःच बंद होतो, आणि मग त्याला पुन्हा जागं करायला आठवडाभर मनधरणी करावी लागते. वळायची तिची चार चाकं होती, त्यातलं एक बंद पडलंय, त्यामुळे इकडून तिकडे वळायला तिला वेळ लागतो. एकूण घरात एक आजारी आत्या असावी तसं आमचं तिच्याभोवती चाललेलं असतं, फक्त आत्या बोलते तरी.

आठवड्याचा कार्यक्रम तयार झाला की त्याचं वाचन होतं. ही पद्धत माझ्या आधीपासूनची. प्रभाकर आगटे कार्यक्रम बनवतात आणि स्क्रीनसमोर बसून एकेक ओळ मोठ्याने वाचतात: तारा, दिशा, फिल्टर, वेळ, सूर्याशी कोन, तिथे वळून जाताना वाटेत सूर्याशी होणारा कमीत कमी कोन. समोर नीला टिपणीस शास्त्रज्ञांचे अर्ज हातात घेऊन बसतात, आकडा जुळला की "हं" म्हणतात. "हं" आल्याशिवाय प्रभाकरराव पुढे जात नाहीत. कॉम्प्युटरही तपासतो, पण त्याला फक्त निषिद्ध काय ते कळतं. मागणाऱ्याने काय मागितलं होतं ते त्याला ठाऊक नसतं, त्यासाठी दोन माणसं लागतात. ही दोघं नऊ वर्षं वाचतायत. आकडा, हं, आकडा, हं. नव्या माणसाला वाटावं की आत कुणी आरती म्हणतंय.

ऋजुता भिसे आमच्याकडे आली ती फेब्रुवारीत. अर्ज करणारे सहसा ऑफिसात येत नाहीत. अर्ज पाठवतात, मोजणी मिळाली की गप्प बसतात आणि नाही मिळाली की ईमेल लिहितात. ही शहाडला राहते, म्हणून आली. अठ्ठावीस वर्षांची, पाठीवर तिच्याहून मोठी सॅक, आणि तोंडात सतत प्रश्न.

"सर, मी बसले तर चालेल ना? माझं ऑब्झर्वेशन होताना?"

"बघण्यासारखं काही नसतं," मी म्हणालो. "आकडे येतात."

"आकडे पण चालतील. चार वर्षं त्याच्यासाठीच थांबलेय."

तिचा तारा म्हणजे जोडी होती. एक लाल, थंड, फुगलेला, आणि त्याच्याभोवती फिरणारा एक छोटा निळा, तापलेला. अकरा वर्षांतून एकदा छोटा त्या थोरल्याच्या मागे जातो. जाताना तीन-चार दिवस त्याचा उजेड थोरल्याच्या विरळ वातावरणातून गाळून येतो, आणि त्या उजेडावरून वातावरणात काय आहे ते वाचता येतं. तिचा सगळा प्रबंध या तीन-चार दिवसांवर उभा होता. मोजणी नाही झाली तर विषय बदला, असं तिच्या गाइडने सांगून टाकलेलं. विषय बदलायला तिच्या शिष्यवृत्तीत वेळ उरलेला नव्हता. हे सगळं तिने पहिल्या चहातच सांगितलं, विचारलं नसताना. मला अशी माणसं थकवतात. नीलाबाईंना मात्र ती आवडली, त्यांनी तिला आपल्या डब्यातली वालाची उसळ दिली.

मोजणीचा दिवस आला. ऋजुता माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. अनुराधा वळली, स्थिर झाली, डिटेक्टर सुरू झाला आणि काही सेकंदांत बंद पडला. पडद्यावर एकच ओळ आली: प्रकाश मर्यादेबाहेर. ऋजुताने विचारलं, "आता परत चालू होईल ना?" मी म्हणालो, "होईल. आठवड्याने." तिला अर्थ कळायला जरा वेळ लागला.

चूक शोधायला काही लागलं नाही. तिने अर्जात फिल्टर पाच मागितला होता, सगळ्यात गडद. कार्यक्रमात फिल्टर दोन होता. प्रभाकररावांनी तिची ओळ बनवताना नेहमीच्या तपासणीच्या ताऱ्याची ओळ उचलली होती, आणि त्या ताऱ्याला वर्षानुवर्षं फिल्टर दोनच असतो. कॉम्प्युटरला ही जोडी लाल, निरुपद्रवी तारा म्हणूनच ठाऊक होती, त्यामुळे त्याने हरकत घेतली नाही. उरलं वाचन. प्रभाकररावांनी "दोन" वाचलं होतं, स्पष्ट, ठणठणीत. नीलाबाईंच्या हातात कागद होता, कागदावर पाच होतं, आणि त्या "हं" म्हणाल्या होत्या. नऊ वर्षांत त्यांचा "हं" आकड्याच्या जरा आधीच येऊ लागला होता. हे आमच्यातल्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, कारण ऐकायला ते फार छान वाटायचं.

नीलाबाईंनी ऋजुताला पँट्रीत नेलं आणि सरळ सांगितलं, "माझं चुकलं, बाळ. समोर पाच लिहिलेलं होतं आणि मी ऐकलंच नाही." मग त्या रडल्या. ऋजुताच त्यांची समजूत काढत बसली. प्रभाकरराव जागेवरून उठले नाहीत. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो तेव्हा म्हणाले, "चूक वाचनात झालेली आहे." जणू वाचन म्हणून कुणी तिसरा माणूस होता आणि तो आज रजेवर होता. माझं डोकं फिरलं. मी त्यांना जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि स्क्रीनकडे वळले.

डिटेक्टर परत सुरू झाला तोवर निळा तारा पूर्ण झाकला गेला होता. ऋजुता यायची बंद झाली. मार्च सुरू झाला, वरच्या मजल्यावर उकाडा वाढला, एसीच्या तक्रारी वाढल्या.

आणि एक दिवस प्रभाकरराव माझ्या केबिनमध्ये आले. ते सहसा येत नाहीत. दारात उभं राहून बोलतात.

"मागे गेलेला तारा बाहेरही येणार," ते म्हणाले. "बाहेर येतानाही उजेड तसाच गाळून येतो. तिला ते चालेल. मी तिच्या गाइडशी बोललो."

"केव्हा?"

"एप्रिलच्या सुरुवातीला. अडचण एकच आहे. तोवर सूर्य जवळ येतो. पहिल्या दिवशी कोन बेचाळीस अंश असेल. पुढे रोज एकेक अंशाने घटणार."

पंचेचाळीसच्या खाली जाऊ द्या म्हणून आजवर मोठमोठ्या लोकांनी आमच्याकडे अर्ज केले होते, आणि प्रत्येक अर्जावर प्रभाकररावांनी स्वतःच्या हाताने नकार लिहिला होता. एका परदेशी प्राध्यापकाला त्यांनी असं उत्तर धाडलं होतं की त्याने माझ्याकडे तक्रार केली. तोच माणूस आता बेचाळीस मागत होता. स्वतःची चूक झाली हे त्यांनी तोंडाने कधीच म्हटलं नाही. पण समितीसाठी त्यांनी जो खुलासा लिहिला तो वाचून मला गलबलून आलं. उन्हाचा एकेक किरण नळीत कुठे आपटेल ते त्यांनी दाखवलं होतं.

समितीने कुरकुरत परवानगी दिली. एकच दिवस, आणि बेचाळीसच्या खाली अजिबात नाही: ताऱ्यावर नाही आणि वळताना वाटेतही नाही. दोनशेहून जास्त लोकांचं काम या दुर्बिणीवर चालतं, एका प्रबंधासाठी ती पणाला लावता येणार नाही, असंही खाली लिहिलं होतं. बरोबरच होतं ते. त्या एका दिवसापुरती कॉम्प्युटरची कोनाची तपासणी बंद करावी लागणार होती, कारण त्याला पंचेचाळीसच समजतं. म्हणजे त्या दिवसाची राखण फक्त वाचनावर.

आणि नीलाबाईंनी वाचनाला बसायला साफ नकार दिला.

"अहो प्रभाकरराव, तुम्ही सुरू केलंत की माझे कान आपोआप मिटतात," त्या म्हणाल्या. "राग नाही माझा. पण तुमचा सूर माझ्या अंगात गेलाय. दुसरं कुणी बसवा."

दुसरं कोण? ऑफिसातल्या सगळ्यांनीच तो सूर वर्षानुवर्षं ऐकलेला. शेवटी मीच म्हटलं, जिला तो ठाऊक नाही तिलाच बसवू. ऋजुताला फोन केला. अर्जदाराने वाचनाला बसू नये असा नियम नव्हता, कारण तसं कधी कुणाच्या मनात आलं नव्हतं. ती दुसऱ्या दिवशी हजर झाली, घामाघूम.

"सॉरी सर, शीळफाट्यावरून आले, अक्कल गेलेली माझी. तासभर हललेच नाही." मग एकदम थांबून, "खरंच मिळणार ना?"

"वाचून झालं की," प्रभाकरराव म्हणाले.

दुपारी वाचन सुरू झालं. एका बाजूला प्रभाकरराव, समोर ऋजुता, हातात आठवड्याचे सगळे अर्ज आणि समितीचं परवानगीपत्र. मी टेबलाच्या टोकाला बसलो. नीलाबाई आपल्या जागेवर, पाठ करून, पण कान इकडे. पहिल्या ओळीपासूनच रडकथा सुरू झाली. ती प्रत्येक आकड्यावर बोट ठेवायची, तो परत वाचायला लावायची, वर "सर, थोडं हळू ना" म्हणायची. "हं" तर तिच्या तोंडून येईचना, ती "ओके, नेक्स्ट" म्हणायची. एका दीर्घिकेच्या ओळीत वेळ एका मिनिटाने चुकलेला तिने पकडला. प्रभाकररावांचे कान लाल झाले. मला गंमत वाटत होती, हे कबूल केलं पाहिजे.

मग तिची ओळ आली.

प्रभाकररावांनी घसा खाकरला आणि वाचायला लागले. माझ्या लक्षात आलं की ते भरभर वाचतायत. जुन्याच सुरात, ठेक्यात, जसे नीलाबाईंसमोर वाचायचे तसे. तारा. दिशा. फिल्टर पाच. वेळ. कोन बेचाळीस. आणि लगेच पुढची ओळ.

"सर, एक राहिलं," ऋजुता म्हणाली. "वाटेतला कोन."

"ताऱ्यावर बेचाळीस. परवानगी आहे."

"ते झालं. वाटेतला राहिला. बाकी सगळ्या ओळींना वाचलात तुम्ही."

प्रभाकररावांनी ओळ परत वर आणली. खाली शोरूममध्ये कुणीतरी फरशी आपटली.

"अडतीस," ते म्हणाले.

ऋजुताने परवानगीपत्र उचललं, वाचलं, खाली ठेवलं. "म्हणजे ती तिकडे वळताना सूर्याच्या अडतीसवर येणार?"

"दीड-दोन मिनिटं. तेवढ्याने काही होत नसतं. तिला मी नऊ वर्षं ओळखतो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"काल दिसलं."

"मग समितीला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं असतं," प्रभाकरराव म्हणाले. हे ते इतक्या साधेपणाने म्हणाले की मला पटकन अर्थच लागला नाही. प्रभाकर आगटे, ज्यांनी एका अंशासाठी आयुष्यभर लोकांशी वैर धरलं, त्यांनी तो आकडा मुद्दाम गिळला होता. तिच्यासाठी.

"वळसा घालून नेता येईल?" तिने विचारलं.

"नाही. त्याआधी बॅटरी भरायला तिला पॅनलं सूर्याकडे करून ठरलेल्या दिशेलाच थांबावं लागतं. तिथून वळसा घ्यायचा तर तीन चाकांवर दिवस सरेल. मी सगळं करून बघितलं, ऋजुता. सगळं."

बोलायला हवं होतं मी. या ऑफिसचा प्रमुख मी, निर्णय माझा. नाही हेच म्हणायचं होतं, दुसरं काही म्हणणं शक्य नव्हतं, आणि तरी ते शब्द माझ्या जिभेवर येईनात. समोर एक मुलगी बसली होती जिला आम्ही एकदा बुडवलं होतं. तिने नुसतं "ओके, नेक्स्ट" म्हटलं असतं तर जगात कुणाला कळलं नसतं. बहुधा काही झालंही नसतं. दीड-दोन मिनिटं. ते "बहुधा" आम्हा तिघांच्या मध्ये टेबलावर पडून होतं. नीलाबाईंची खुर्ची केव्हाच इकडे वळली होती.

ऋजुताने पेन उचललं आणि आपल्या अर्जावर आडवी रेघ मारली.

"काढा ही ओळ," ती म्हणाली.

मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्या सुटकेची लगेच चीडही आली. प्रभाकररावांचा हात कीबोर्डवर होता, पण बोटं हलत नव्हती. तिने वाट पाहिली. मग उठून त्यांच्या बाजूला गेली, कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि ओळ स्वतः पुसली.

"या जागी काय घालायचं? ती रिकामी तर नाही ना राहणार?"

नीलाबाई म्हणाल्या, "उत्तरेकडची एक दीर्घिका आहे थांबलेली. सूर्यापासून लांब आहे."

"कुणाची?"

"आहे कुणीतरी. दोनदा नाकारलंय त्याला."

"घाला."

प्रभाकररावांनी दीर्घिका घातली. घालताना त्यांना दोनदा खोडावं लागलं. मग ते स्क्रीनकडेच बघत म्हणाले, "चुकलं माझं. फेब्रुवारीतलं." आणि जरा थांबून, "पुढच्या वेळी मी बहात्तर वर्षांचा असेन."

"मी एकोणचाळीस," ऋजुता म्हणाली. ती आपल्या जागी येऊन बसली, दीर्घिकेचा अर्ज शोधून वर घेतला. तिचा आवाज ठीक होता. तिने पहिल्या आकड्यावर बोट ठेवलं.

"वाचा सर," ती म्हणाली. "वाटेतल्या कोनासकट."